मिनिटं मोजू नको गं, लंगोट मोज

पत्र असं आहे :

“ताई, नमस्कार. मी पुण्याला असते, बाळंतपणाला माहेरी आलेय, पारोळा तालुक्यात. सिझर झालं, मुलगी आहे, आज १४ दिवसांची. मैत्रिणीने सांगितलं म्हणून दवाखान्यातच फोनमध्ये फीडिंगचं ॲप टाकलं, दर वेळी टायमर लावते, कोणती बाजू किती मिनिटं सगळं लिहिते. दिवसाला ९ ते ११ वेळा होतं. पण कधी ८ मिनिटं तर कधी ४०. बारशाच्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत साडेचार तासांचा गॅप पडला, ॲपमध्ये तो लाल दिसतो, तो बघून मी रडले. संध्याकाळी ६ ते १० तर ती सोडतच नाही, पिते, सोडते, रडते, परत तोंड शोधते. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात अंगावर दूध कमी असेल, वरचं चालू कर. आजी म्हणते उन्हाळा आहे, उकळलेलं पाणी चमच्याने पाज. मिस्टरांनी पावडरचा डबा पाठवलाय, कपाटावर आहे, अजून फोडला नाही. पाजल्यानंतर पंपाने काढून पाहिलं तर जेमतेम ३० मिली. ती नक्की किती पिते हे मला कसं कळणार? शी पिवळी होते, ४-५ वेळा. सू किती ते सांगता येत नाही, कारण दिवसभर डायपर असतो. जन्माचं वजन २ किलो ९००, चौथ्या दिवशी डिस्चार्जला २ किलो ६७०, आणि ११व्या दिवशी टाके दाखवायला गेलो तेव्हा २ किलो ८८०. – ॲपमध्ये अडकलेली आई”

अगं माय, पत्र वाचताना आधी मला तुझी काळजी वाटली आणि शेवटच्या ओळीवर आले तर हसूच आलं, म्हणजे तुझ्यावर नाही हसले, पण तू दीड पान मिनिटांचं रडगाणं लिहिलंस आणि सगळ्या पत्रात जी एकच खरी कामाची गोष्ट आहे ती शेवटी अशी टाकून दिलीस जशी बाजारातून आणलेल्या पिशवीच्या तळाशी कोथिंबीर.

२ किलो ६७० वरून २ किलो ८८०. किती दिवसांत? ४ वरून ११, म्हणजे ७ दिवस. २१० ग्रॅम भागिले ७, रोजचे ३० ग्रॅम. या वयाच्या बाळाने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. तुझी पोर वरच्या टोकाला आहे. हे ३० ग्रॅम रोज कुठून आले? हवेतून नाही आले, कपाटावरच्या डब्यातून नाही आले, तो तर तू फोडलाच नाहीस. तुझ्याच अंगावरून आले. आता तू सांग दूध कमी आहे का.

सुरुवातीला वजन उतरलं ते सगळ्यांचंच उतरतं. २ किलो ९०० चे २ किलो ६७० म्हणजे २३० ग्रॅम गेले, साधारण ८ टक्के. ७ टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही वॉर्डातल्या नर्सा जरा डोळे उघडे ठेवतो, पाजताना शेजारी बसून बघतो, आणि १० टक्क्यांवर गेलं की मग डॉक्टरांनी नीट बघायलाच हवं. सिझरमध्ये दूध उतरायला थोडा उशीर होतो आणि आईला सलाईन बरीच लागलेली असेल तर त्यातलं पाणी बाळातही जातं ते पहिल्या दोन दिवसांत सूवाटे निघून जातं, त्यामुळेही आकडा जरा जास्त उतरलेला दिसतो. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत आलं पाहिजे. तुझी ११व्या दिवशीच फक्त २० ग्रॅमने मागे होती, आज १४वा, तर बहुतेक ओलांडून पुढे गेली असेल. पण “बहुतेक” वर थांबू नको, आज-उद्यात वजन करून घे, ते कसं ते खाली सांगते.

आता ॲपचं. मी ॲपच्या विरोधात नाही बरं का, उगाच “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” म्हणणाऱ्यांतली मी नाही, कारण आमच्या वेळी पण होतं, फक्त वेगळं होतं. मी २२ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली आणि आता लोक विचारतात म्हणून हे सदर लिहिते, पण माझ्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात मी नर्स असूनही तुझ्यासारखीच गडबडले होते. धुळ्याला होते. जिथे बाळंत झाले तिथे (नाव नको) पहिल्याच रात्री मला न विचारता बाळाला बाटली लावली, आणि मग पोरगं अंगावर घ्यायलाच तयार नाही, बाटलीची सवय, तोंड लावलं की रडायचं. घरी आले तर सासूबाईंच्या आई होत्या, पंच्याहत्तरीच्या, त्यांनी पहिलं काम काय केलं तर माझ्या हातातली एक बांगडी काढून दुसऱ्या हातात घातली. म्हणे ज्या हातात ही जास्तीची बांगडी, त्या बाजूने पुढच्या वेळी पाजायचं, पाजून झालं की बांगडी बदलायची. झोपेत सुद्धा कळतं. आणि दुसरं, कालनिर्णय. तू पाहिलं असशील आपल्याकडे प्रत्येक घरात त्याच्यावर दुधाचा हिशोब असतो, तारखेच्या चौकोनात एक लिटर, दीड लिटर, नाही आला त्या दिवशी खाडा. त्याच चौकोनात खाली त्या म्हातारीने मला रेघा मारायला लावल्या, ओल्या लंगोटाची उभी रेघ आणि शी झाली की फुली. वर दूधवाल्याचा हिशोब, खाली पोराचा. संध्याकाळी दोरीवरचे लंगोट बघायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, “नऊ लंगोट पडनात, पोऱ्या धायेल शे, तू जपी जाय.” पोराचं पोट भरलंय, तू झोप. मिनिटांचं त्यांनी कधी विचारलंच नाही.

त्या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्यांनी जे केलं तेच आज बालरोगतज्ज्ञ करायला सांगतात, की आत किती गेलं हे दिसत नाही तर बाहेर किती येतंय ते मोज. बाटलीवर रेघा असतात म्हणून लोकांना तिचा भरवसा वाटतो. अंगावर रेघा नाहीत. रेघा लंगोटावर आहेत.

मिनिटांनी का कळत नाही ते सांगते. एक बाळ ८ मिनिटांत पोटभर पिऊन हात सोडून झोपतं आणि दुसरं ४० मिनिटं नुसतं चघळत बसतं, पोटात काही नाही. पोटात किती गेलं ते टायमरला कळत नाही. तुझ्या ॲपमध्ये ४० वाल्याला हिरवं आणि ८ वाल्याला पिवळं दाखवत असेल तर ते उलटं पण असू शकतं. तू स्क्रीनकडे बघायचं सोड आणि तिच्या जबड्याकडे बघ. सुरुवातीला भराभर चोखते, ते पान्हा फुटायला. मग पान्हा फुटला की चाल बदलते, मोठं तोंड उघडून ओढते, एक क्षण हनुवटी खाली थांबते, आणि मिटते. ती जी हनुवटी थांबते ना, तेव्हा तोंडात दूध भरलं. मग गिळल्याचा बारीक “कं” असा आवाज येतो, खोलीत कूलर बंद केला तर ऐकू येतो. हे असं ओढ-थांब-गिळ काही मिनिटं सलग चाललं की ती पितेय. पिता पिता मुठी सुटतात, आधी घट्ट आवळलेल्या मुठी हळूहळू उघडतात, हात लोंबकळतो. त्या उघडलेल्या मुठीवर माझा तुझ्या ॲपपेक्षा जास्त विश्वास आहे.

आणि पकड नीट आहे का ते पण एकदा बघ. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी अंगाला टेकलेली, नाक मोकळं, आणि नुसती बोंडी नाही तर भोवतीचा काळा भाग पण तोंडात, वरून थोडा दिसला तरी चालेल खालून दिसायला नको. पहिल्या काही सेकंदांत ताण लागतो, तो ठीक, पण पूर्ण वेळ दुखत असेल, सुटल्यावर बोंडी लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी चेपलेली दिसत असेल किंवा चिरा असतील तर पकड चुकतेय, करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून हवा आत जाऊ दे, सोडव आणि परत लाव. ओढून काढू नको. तुझे टाके आहेत तर मांडीवर घेऊन पोटावर वजन टाकण्यापेक्षा तिला काखेत घे, पाय तुझ्या पाठीकडे, खाली उशी, किंवा सरळ कुशीवर पडून पाज. मात्र पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर घरातल्या कोणाला तरी शेजारी बसव.

आता सूचं. तू सगळं लिहिलंस आणि जे लिहायचं तेच डायपरमध्ये हरवलं. असं कर, निदान तीन-चार दिवस, दिवसा डायपर काढ आणि कपड्याचे लंगोट लाव. आईकडे जुन्या सुती साड्या असतीलच, मऊ झालेलं धोतर असेल तर उत्तम, १५-२० चौकोन फाडले की झालं, आणि या उन्हात पारोळ्याला लंगोट वाळायला वीस मिनिटं लागत नाहीत. तसंही ४४-४५ डिग्रीत दिवसभर डायपर म्हणजे लेकराला घामोळ्यांची शिक्षाच. रात्री डायपर ठेवायचाच असेल तर ओला झालेला कसा लागतो हे कळायला एका कोऱ्या डायपरवर ३ मोठे चमचे पाणी ओत आणि हातात धरून बघ, कोरा दुसऱ्या हातात धर. तेवढा जड लागला की एक सू.

किती हवी तर पहिल्या काही दिवसांत जितवा दिवस साधारण तितकी, पहिल्या दिवशी १, दुसऱ्या दिवशी २, असं करत ५-६ दिवसांपासून पुढे २४ तासांत ६ किंवा जास्त, चांगल्या ओल्या, रंग पाण्यासारखा, फारसा वास नाही. अंगावर पिणारी बरीच बाळं ८-१० वेळा करतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर कधी गेरू सांडल्यासारखा विटकरी डाग दिसतो, लोक रक्त समजून घाबरतात, ते रक्त नसतं, घट्ट सूमधले क्षार असतात. पण तोच डाग पाचव्या दिवसानंतर दिसला तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजायचं आणि दाखवून यायचं.

शीचं तर तुझं उत्तर पत्रातच आहे. आधी डांबरासारखी काळी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, मध्ये मध्ये मोहरी टाकल्यासारखे दाणे, अगदी पातळ पिठलं. ४-५ वेळा होतेय, आणि काय पाहिजे. हे जुलाब नाहीत, कोणी म्हटलं तर औषध देऊ नको. (पुढे दीड-दोन महिन्यांनी ही मंडळी अचानक तीन-चार दिवस शीच करत नाहीत, तेव्हा परत घाबरून पत्र पाठवशील, तर आत्ताच सांगून ठेवते, बाळ खेळतंय, पितंय, सू करतंय आणि झाली तेव्हा मऊ झाली तर ते पण चालतं.)

किती वेळा पाजायचं तर २४ तासांत ८ ते १२. तुझं ९ ते ११. २४ तासांत, हे लक्षात घे, दर दोन तासांनी गजर लावून नाही. बाळ काही एसटी नाही वेळापत्रकाने यायला, आणि एसटी तरी कुठे येते. सकाळी तीन तास झोपेल आणि संध्याकाळी तीन तासांत पाच वेळा घेईल, बेरीज बरोबर येते. बारशाच्या दिवसाचा साडेचार तासांचा तो गॅप, तो एक दिवस होता गं, हातोहाती फिरली असेल, सगळ्यांनी घेतली असेल, दमून झोपली, पुढे भरून काढलं असेल. तो लाल डाग डिलीट करता येत असेल तर कर. फक्त जन्माच्या वजनाच्या वर गेली हे काट्यावर दिसेपर्यंत दिवसा ३ तास आणि रात्री फार तर ४ तासांच्या वर झोपू देऊ नको. उठवायचं म्हणजे दुपटं सोड, लंगोट बदल, तळपायाला बोट फिरव, उघड्या अंगाने छातीवर घे. वजन वर गेलं आणि डॉक्टर हो म्हणाले की मग रात्री तिला तिच्या मनाने उठू दे. आणि रडायची वाट बघू नको, रडणं ही शेवटची पायरी आहे, त्याच्या आधी ती मान वळवून तोंड शोधते, मूठ तोंडात घालते, जीभ काढते, तेव्हाच घे. रडायला लागल्यावर आधी शांत करावं लागतं मग पकड येते, दोघींचे हाल.

दिवेलागणीचं जे तू लिहिलंस, ६ ते १०, ते जवळजवळ प्रत्येक घरात असतं आणि प्रत्येक घरात त्याच वेळी कोणीतरी म्हणतं दूध पुरत नाही. किंवा नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळा, त्याने काही बिघडत नाही, पण डबा उघडू नका. नवजात बाळं संध्याकाळी अशी सारखी सारखी पितात, थोडं थोडं, त्यात त्यांना जवळ पण राहायचं असतं, आणि त्या सारख्या ओढण्यातूनच अंगाला निरोप जातो की उद्या जास्त बनव. ६ वाजायच्या आत तू जेवून घे, पाण्याची बाटली भरून घे, टेकून बस, आणि मनाची तयारी ठेव की ही ड्युटी १० पर्यंत आहे. तिने मध्येच सोडलं तर आईकडे दे, ढेकर काढू दे, अंगणात फिरवू दे, परत घे.

वरच्या दुधाचं गणित पण त्या दूधवाल्यासारखंच आहे. तू चार दिवस दूधवाल्याला सांग आज अर्धा लिटर कमी टाका, पाचव्या दिवशी तो ते अर्धा लिटर दुसऱ्या घरी लावून टाकतो, मग तू मागितलं तरी म्हणतो ताई आता नाही. अंग तसंच वागतं. जेवढं बाळ ओढेल तेवढं बनतं, आत तुंबून राहिलं की बनणं मंदावतं. एक वेळ डबा दिला की ती तेवढा वेळ झोपणार, तेवढं ओढायची नाही, तेवढं दूध कमी, मग खरंच कमी पडतं आणि सगळे म्हणतात बघा आम्ही म्हणत नव्हतो. माझ्या पहिल्या पोराच्या वेळी या चक्रातून बाहेर यायला मला १२ दिवस लागले. त्या डब्यावर सुद्धा बघ, आईचं दूधच बाळासाठी सर्वांत चांगलं असं छापलेलं असतं, कंपनीच्या चांगुलपणामुळे नाही, १९९२ चा कायदा आहे म्हणून. कधी कधी वरचं खरंच लागतं, वजन फार उतरलं, बाळाची साखर कमी झाली, आईला काही आजार, तेव्हा डॉक्टर सांगतील तसं द्यायचं, त्यात आईचा काही पराभव नाही, आणि तेव्हा पण आधी स्वतःचं काढलेलं दूध, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीचं जुनं बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी), उकळून घेतलेलं. पण तुझी केस ती नाही.

पंपाचं ३० मिली, तेही पाजून झाल्यावर! अगं ते भरपूर आहे, ते तर ताटात उरलेलं. पंप हे काही मोजमाप नाही, बाळाइतकं पंपाला बहुतेक वेळा काढता येत नाही.

पाणी अजिबात नाही. आजीचं मन मोडायचं नाही तर आजीला सांग की ताईने सांगितलंय आईच्या दुधात शंभरातले ८८ भाग पाणीच असतं, तिला तहान लागली तर ती दोन वेळा जास्त पिईल. ६ महिने पाणी नाही, घुटी नाही, गुळाचं पाणी नाही, मध तर एक वर्ष होईपर्यंत बोटाला लावून पण नाही. पाणी पाजायचंच असेल तर आजीला म्हणावं तुला पाज. ते मात्र आपल्याकडे उलटं करतात, बाळंतिणीला पाणी कमी, शेगडी, कानाला फडकं, दार बंद, आणि बाहेर ४५ डिग्री. बाळाला पण टोपरं, झबलं, दोन दुपट्यात गुंडाळून ठेवतात आणि मग अंग तापलं की ताप आला म्हणून धावतात. एक पातळ सुती झबलं बस. तुला तहान लागेल तेवढं पाणी पी, दर वेळी पाजायला बसताना तांब्या जवळ. खायचं पोटभर, बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, शेवगा, मेथी, डिंकाचा लाडू, हळिवाची खीर, आवडतं ते सगळं, पण यातलं काही दुधाचा नळ सोडत नाही, दूध ओढण्याने येतं. आणि जळगाव जिल्ह्यात राहून बाळंतिणीला केळं द्यायचं नाही हा प्रकार मला २२ वर्षांत समजला नाही. खा केळं.

आता वजन. आशाताईंना निरोप धाड. तू पुण्याला नाव नोंदवलेलं असणार, गावातल्या आशाताईंना कदाचित माहीतच नसेल की तुमच्या घरात १४ दिवसांचं बाळ आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्यांनी घरी येऊन ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळ बघायचं असतं, त्यांच्याकडे झोळीचा काटा असतो, थर्मामीटर असतं. ही घरभेट म्हणजे उपकार नाही, तिच्यामागे आपल्या महाराष्ट्रातलंच काम आहे, गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं बघायला लावली, बाळांचे मृत्यू कमी झाले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून सरकारने देशभर आशांकडून हेच काम सुरू केलं. माता-बाल कार्डवर वजन लिहून घे. एक लक्षात ठेव, दवाखान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि झोळीचा काटा यांच्यात ५०-१०० ग्रॅमचा फरक सहज येतो, त्यामुळे आज झोळीवर २ किलो ८५० दिसलं तर रडायला बसू नको, त्याच दवाखान्यात जाऊन त्याच काट्यावर, कपडे-लंगोट काढून कर. एका काट्याची तुलना त्याच काट्याशी. आणि वडील किंवा कोणी उत्साहाने म्हणालं की मी तिला घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो, तर नको, तो काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे करतो आणि तुला हिशोब ३० ग्रॅमचा लावायचाय. (एका बाईंच्या सासऱ्यांनी नातवाला किराणा दुकानात साखरेच्या काट्यावर नेलं होतं, काटा बरोबर होता, पण पोराने तिथेच सू केली आणि दुकानदार वर्षभर उधारी देईना.)

रोज वजन करू नको. आता एकदा आणि मग २१व्या दिवशी. आता जन्माच्या वर आणि २१व्या दिवशी अजून १५०-२०० ने वर, की ॲप फोनमधून काढून टाक. तोपर्यंत पण टायमर बंद. कालनिर्णयच्या चौकोनात तीनच खुणा, पाजलं की ठिपका, सू ला रेघ, शी ला फुली, आणि हे काम तुझ्या आईकडे किंवा भावाकडे दे, लंगोट बदलणाऱ्याने रेघ मारायची. बाजूसाठी बांगडी. रात्री झोपताना एकदा मोज, निदान ८ ठिपके, ६ रेघा, ३ फुल्या, झालं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की कॅमेरा कालनिर्णयकडे फिरव आणि वजनाचा आकडा सांग. त्यांचा पण दोष नाही, त्यांना पुण्यातून फक्त रडणं ऐकू येतं, लंगोट दिसत नाहीत.

वाट न बघता दवाखाना कधी, तेही ऐक. दिवसाभरात ६ पेक्षा कमी सू, किंवा गडद पिवळी. पिण्यासाठी उठतच नाही, उठवलं तरी दोन घोट घेऊन मान टाकते, रडणं क्षीण झालं. टाळू आत गेलेली. कावीळ पायापर्यंत, तळवे पिवळे, आणि ही कावीळ कोवळ्या उन्हात धरून जात नाही, दूध कमी जात असेल तर उलट वाढते, तपासून घ्यावीच लागते. अंग १००.४ च्या वर तापलं किंवा हातपाय-पोट गार पडलं. श्वास भराभर, छाती आत ओढली जातेय. यातलं काही एक जरी दिसलं तरी रात्र असो, पाहुणे असो, १०२ किंवा १०८ ला फोन कर आणि निघ, वाटेत पाजत जा.

आणि तू. एक बाजू दगडासारखी झाली, लाल झाली, थंडी वाजून ताप आला तर पाजणं बंद न करता डॉक्टरांना दाखव. रडू येतं म्हणालीस, पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणींना येतं, पण ते दोन आठवड्यांच्या पुढे तसंच चाललं, झोप मिळाली तरी झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही किंवा नको ते विचार येतात असं झालं, तर लपवू नको, आईला सांग, डॉक्टरांना सांग, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सकाळच्या एका पाजण्यानंतर पोर आईकडे देऊन दोन तास दार लावून झोप, फोन बाहेर ठेवून.

नवीन वजन आलं की मला दोन ओळी लिही, नुसता आकडा लिहिलास तरी चालेल. आणि तो डबा, सील फोडलेलं नाही तर मिस्टरांना सांग बिल शोधा, मेडिकलवाले बहुतेक परत घेतात, त्या पैशात चांगला सुती कपडा येईल लंगोटांना.